माझ्या पट्ट्यातला चितूर

आमच्या वडप्याच्या घरात पक्ष्यांच्या दोनच जाती होत्या, खायच्या आणि न खायच्या. त्यामुळे मला पक्षी मोजायचं काम मिळालंय असं मी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, मोजून झाल्यावर त्यांचं करतात काय? काही करत नाहीत, लिहून ठेवतात, मी म्हटलं. बाबांनी भाकरीचा तुकडा सुकटीच्या कालवणात बुडवला आणि आईकडे बघून म्हणाले, "हिला शिकवली तिथंच आपलं चुकलं." हसत म्हणाले, पण म्हणाले. दादाला तर महिनाभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. त्याच्या गोदामावर येणारे ट्रेलरचे ड्रायव्हरसुद्धा मला रस्त्यात बघून विचारायला लागले, "क्या मॅडम, आज कितनी चिड़िया हुई?" मी कुणाला उत्तर देत नसे. माझा स्वभाव तेव्हाही तिखटच होता, आणि वय वाढलं की माणूस मवाळ होतं म्हणतात ते माझ्या बाबतीत अजून तरी खरं झालेलं नाही.

घर नवं होतं. हायवेला लागून असलेलं आमचं भाताचं शेत गोदामवाल्यांना गेलं आणि त्यातून हे स्लॅबचं दुमजली घर उभं राहिलं. पुढच्या भिंतीला गुलाबी टाइल्स आणि धुळीमुळे कधीच न उघडणाऱ्या चार खिडक्या. ट्रेलर मागे घेताना वाजते ती पिपाणी दिवसभर चालू असायची. आई भांडी घासताना तीच चाल गुणगुणायची आणि तिला ते कळायचंही नाही. शेत होतं तेव्हा नांगरामागे बगळे यायचे. ते यायचे कधी बंद झाले हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि मी तर प्राणिशास्त्र शिकत होते. कॉलेज वडप्यापासून जवळच, भिवंडीत. वर्गाच्या मागच्या गल्लीत सगळे लूमचे कारखाने, त्यामुळे बेडकाचं हृदय आम्हाला खटखटाटावर आवाज चढवून शिकवलं गेलं. मधेच लाइट जाऊन लूम थांबले की प्राध्यापक एकदम आमच्या अंगावर ओरडताहेत असं वाटायचं. त्या गोंगाटात तीन वर्षं बसून माझा कान तयार झालाय, असं मी या पक्षी मोजायच्या कामाच्या मुलाखतीत सांगितलं. पाहणीचे प्रमुख हसले आणि त्यांनी मला घेतलं.

अभयारण्याचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मुंबईची एक संस्था तिथल्या पक्ष्यांची पाहणी करत होती. प्रमुख म्हणजे आमचे सर. पांढरी दाढी, हळू बोलणं, आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पक्षी सांगायची ख्याती. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं, मी आणि ठाण्याचा पराग, ज्याच्याकडे स्वतःची दुर्बीण होती. काम हिवाळ्यापुरतं. दोघांना एकेक पट्टा दिलेला, म्हणजे जंगलातली एक ठरलेली पायवाट. ती उजाडताना सावकाश चालायची आणि तक्त्यात भरायचं: कोणता पक्षी, किती, केवढ्या अंतरावर, दिसला की नुसता ऐकला. खाली निरीक्षकाची सही. पाहणी संपली की आमच्यातल्या एकाला पुढे वर्षभर ठेवणार आणि एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी सर स्वतः पत्र देणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. परागला ते पत्र मिळालं नसतं तर त्याच्या वडिलांनी दुसरं मिळवलं असतं. मला मिळालं नसतं तर कशेळीचं स्थळ तयार होतं. खाडीकाठी गोदामाचे चार गाळे, मुलगा बरा, सासू त्याहून बरी, आणि सुनेनं घराबाहेर पडायचं ते हळदीकुंकवापुरतं. आईनं माझ्यासाठी होळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

माझी राहायची सोय मामाकडे झाली. आईचं माहेर अभयारण्याच्या अगदी हद्दीवर, शेवटच्या घराच्या मागे जंगलच सुरू. कुडाच्या भिंती, कौलं, पुढे शेणानं सारवलेला ओटा. पहाटे मामी चुलीवर कोरा चहा ठेवायची आणि त्यात गवती चहाची पात टाकायची. तो वास अजूनही आला की मला हातात पेन्सिल धरावीशी वाटते. मी पट्टा चालून साडेनऊ-दहाला परत यायची तेव्हा तांदळाची गरम भाकरी, वालाच्या दाण्यांची भाजी आणि भाजलेला बोंबील असं ताट वाढलेलं असायचं. मामी सकाळीच मागच्या डोंगराच्या उतारावरून मोळी आणि गुरांना गवत घेऊन आलेली असे. मामा ओट्यावर बसून काही ना काही वळत, तासत, सोलत असायचा. किडकिडीत, पायांत कधी वहाण नाही, बोलणं थोडं. पण तोंडातून पाखरं काढायचा. टिटवी, तांबट, पिंगळा, रानकोंबडा, काय वाटेल ते. लहानपणी आम्ही सुट्टीत गेलो की तो ओट्यावरून भारद्वाजासारखा घुमायचा, समोरच्या झाडीतून खरा भारद्वाज उत्तर द्यायचा आणि दोघांचं भांडण लागायचं. त्याचा बाप पाखरं धरायचा. आवाज देऊन जवळ बोलवायची आणि फासात घ्यायची. अभयारण्य झालं, गार्ड आले, फासे चुलीत गेले, गळ्यातली विद्या तेवढी राहिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मामा वेडा होता असं वाटेल. त्या गावात सरकारी माणूस कागद घेऊन आला की कागद भरून द्यायची पद्धत होती. प्रौढ साक्षरतेचे वर्ग होते तेव्हा वर्गाला एकही बाई जात नसे, पण मास्तरांच्या हजेरीवर सगळ्या बायकांचे अंगठे असायचे. गुरांना लस टोचायला आलेल्या माणसाला आकडा कमी पडला की शेजारची गुरं दावणीला आणून बांधत. यात कुणाला फसवणं नव्हतं. बिचारा एवढ्या उन्हातून आलाय, त्याला वरच्या साहेबाला कागद दाखवायचाय, रिकामा कसा पाठवायचा, एवढंच. पाहुण्याला पाणी द्यावं तसं ते होतं. मी हे लहानपणापासून बघत होते, हसतही होते. तेव्हा पुढे जे घडलं त्यात चूक मामाची म्हणायची की माझी हे मला ठरवता येत नाही, म्हणजे खरं तर येतं.

परागचा पट्टा नदीकाठचा होता. त्याच्या तक्त्यात स्वर्गीय नर्तक, खंड्याच्या तीन जाती, हरियलचे थवे. माझा पट्टा मामाच्या घरामागच्या डोंगराच्या उतारावरून जायचा. पूर्वी तिथं सगळं गवत होतं, मग वनखात्यानं साग लावला, साग धड वाढला नाही आणि गवत मात्र गेलं. माझ्या तक्त्यात रोज तेच, बुलबुल, सातभाई, कोतवाल, फार तर एखादा सुतार. एका शनिवारी, सर उतरले होते त्या वनखात्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सरांनी दोघांचे तक्ते शेजारी ठेवले आणि मृदूपणे म्हणाले, "रंजना, तुझ्या उतारावर काही नाही. की तुला ऐकू येत नाही?" पराग खाली बघत होता. परागचं मला वाईट वाटलं नाही, त्यानं खाली बघितलं याचं वाटलं.

घरी येऊन मी ओट्यावर बसले आणि रडले. मामी आत गेली, तिला रडणारी माणसं बघवत नसत. मामा तुरीच्या काठ्यांचा झाडू बांधत होता. त्यानं तक्ता मागितला. वाचता येत नव्हतं, पण रकान्यांतली रिकामी जागा त्याला दिसली.

"किती पायजेत?" त्यानं विचारलं.

"असं किती पाहिजेत असं नसतं मामा. असतील तेवढेच लिहायचे."

"लिवायचं तर तसंच. पन साहेबाला किती पायजेत?"

"साहेबाला नवं काहीतरी पाहिजे," मी नाक पुसत म्हटलं. "कुणाला न सापडलेलं." मी हे बोलले. माझ्या तोंडचे शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. धुकं होतं. पट्ट्याच्या अर्ध्यावर, वरच्या बाजूच्या कातळापलीकडून एक कर्कश, तुटक आवाज आला. चिक्, चीऽक्, केरेऽ. थांबला, पुन्हा आला. मी आयुष्यात तो ऐकला नव्हता. सरांनी दिलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरचं बटण मी दाबलं. मी तशीच खाली पळाले, भाकरीसुद्धा न खाता विश्रामगृहावर गेले. सरांनी टेप लावली, डोळे मिटले, पुन्हा लावली. मग खुर्चीतून उठले. "चितूर," ते म्हणाले. म्हणजे गवतात राहणारा, तितराच्या जातीचा ठिपकेदार पक्षी. "या जंगलात चितूर शिल्लक नाही असं आम्हीच लिहून बसलोय." पुढच्या पहाटे ते स्वतः आले. कातळाखाली आम्ही उभे राहिलो आणि तो पुन्हा ओरडला, दोनदा, अगदी स्वच्छ. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. तो आनंद मी खोटा म्हणणार नाही. इतकी सुखी मी त्याआधी झाले नव्हते, नंतरही क्वचितच.

दोन-तीन दिवसांत सगळं ठरल्यासारखं झालं. सरांनी मुंबईला फोन केला, पेपरवाला येऊन सरांचा उताराकडे बोट दाखवणारा फोटो काढून गेला, वनखात्याचे साहेब येऊन चहा पिऊन गेले. वर्षभरासाठी मीच, असं सर सगळ्यांसमोर बोलले. पराग एवढंच म्हणाला, "सर, पण चितूर पावसाळ्यात ओरडतो ना? आत्ता कसा?" सर म्हणाले की पुस्तकं पक्षी वाचत नाहीत. सगळे हसले. मीही हसले, पण परागचा प्रश्न कुसळासारखा डोक्यात राहिला.

घरी मामा वालाच्या शेंगा सोलत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, चितूर थंडीत ओरडतो का रे?"

"न्हाय. पावसात. गवात वाढलं की," तो म्हणाला. "आता कशाला वरडंल? आन् हितं कुठं राहिलाय? बाच्या येळंला व्हते. साग लावला तवाच गेले."

"मग मी ऐकला तो?"

मामानं मान वर केली. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्यानं शेंगांची पाटी बाजूला सारली, दोन्ही तळवे तोंडाशी नेले, आणि ओट्यावर चितूर ओरडला. चिक्, चीऽक्, केरेऽ. अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. आतून मामी हसली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. "तुजं कमी पडत व्हतं ना," मामा म्हणाला. "साहेबाला न्हाय कळलं. दोन हातांवर व्हतो मी, कातळामागं."

मी काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुला अक्कल नाही म्हटलं. अडाणी ते अडाणीच म्हटलं. माझं आयुष्य पाखराच्या मांसासारखं वाटलं का तुला, फासात घालून खायला, असंही काहीतरी म्हटलं. बी.एस्सी. झालेल्या मुलीला असं बोलता येतं. मामी बाहेर आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि राहिलेल्या शेंगा ती स्वतः सोलायला बसली.

मी सरांकडे गेले. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते, की मी गेले. भर दुपारी, चालत. व्हरांड्यात सर एकटेच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"मी स्वतः ऐकलाय तो पक्षी," ते म्हणाले. "गावातल्या एखाद्या माणसाचा आवाज आणि चितूर यांतला फरक मला कळत नाही, असं तुला म्हणायचंय?"

मी म्हटलं, तसं नाही सर. ते आणखी हळू बोलायला लागले. म्हणाले, "अभयारण्याच्या हद्दीत पक्ष्यांना आवाज देऊन बोलावणारा माणूस काय धंदा करतो, हे खात्याला नव्यानं सांगावं लागत नाही. तुझी इच्छा असेल तर सांगू. नाव काय म्हणालीस मामांचं?"

नाव मी म्हणाले नव्हते. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. चितूर, ऐकला, निरीक्षक, आणि खाली माझं नाव. शेजारी पेन ठेवलं. धमकी देणाऱ्या माणसानं ओरडायला पाहिजे, निदान आवाज चढवायला पाहिजे. ते माझ्यासाठी चहा सांगायला आत गेले. ते परत येईपर्यंत मी सही केली होती.

मामाला वाचवायला केली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगत नाही. त्या सहीनं मला पत्र मिळालं, वर्षभराचं काम मिळालं, कशेळीचं स्थळ आईनं परतवलं, आणि आज मी ज्या कॉलेजात शिकवते तिथली खुर्ची त्याच पत्राच्या टोकाला बांधलेली आहे. सर वारले तेव्हा मी श्रद्धांजलीच्या सभेला गेले नाही. हाही काही मोठा पराक्रम नाही. कधी कधी एखादा हौशी विद्यार्थी येऊन विचारतो, मॅडम, त्या अभयारण्यातली चितूरची नोंद तुमची ना? आम्ही दोनदा गेलो, नाही मिळाला. मी म्हणते, पावसाळ्यात जा.

पण त्या उन्हाळ्यात जे झालं ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. चितूर सापडला म्हणून खात्यानं मामाच्या घरामागचा सगळा उतार बंद केला. काटेरी तार आली. पत्र्याची पाटी आली, तिच्यावर पेंटरनं चितूर म्हणून गावठी कोंबडी काढली होती आणि खाली लाल अक्षरांत प्रवेश बंद. गुरं चारायची नाहीत, गवत कापायचं नाही, लाकूडफाट्याचं तर नावच नको. मामीला मोळीसाठी डोंगराला वळसा घालून पलीकडे जावं लागायला लागलं. पहाटे निघून दुपारी यायची. एकदा तारेखालून शिरली म्हणून गार्डनं कोयता काढून घेतला. जिथं पाखरू नाही तिथं पाखरासाठी पहारा बसला होता, आणि हे सगळ्या जगात आम्हा चौघांनाच माहीत होतं.

मे महिन्यात मामा वडप्याला आला. कधी यायचा नाही तो आमच्या टाइल्सच्या घरात. पाय पुसायचे कुठे हे त्याला कळत नसे. आईनं पाणी दिलं, आंबा कापला. दादा, बाबा गोदामावर होते. आई आत गेल्यावर तो मला म्हणाला, "रंजू, तू सांग त्यांना. तुजं आयकतील. सांग, मामा वरडला म्हनून. मी येतो संगं. वाटलं तर वरडून दावतो साहेबाला."

बाहेर कुणीतरी ट्रेलर मागे घेत होतं. ती पिपाणी थांबेपर्यंत मी थांबले, म्हणजे मला वेळ मिळाला. मग म्हटलं, "मामा, तसं सांगितलं तर तुला आत घालतील. शिकारी म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखादं पाखरू नक्की कोणत्या फांदीवर आहे ते शोधताना बघायचा तसा.

"मला घालतील," तो म्हणाला, "का तुजं जाईल?"

दोन्ही खरं होतं. मी आंब्याची बशी त्याच्यापुढे सरकवली. तो कोय चोखत बसला, नीट, सावकाश, दोरे पांढरे होईपर्यंत. मग धोतराला हात पुसले आणि उठला. आई राहा म्हणत होती. गुरं बांधून आलोय म्हणाला.

मी त्याला हायवेवर सोडायला गेले. आम्ही गोदामाच्या शेडच्या सावलीत उभे होतो. एसटी लांबून दिसली तेव्हा त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, "काम पक्कं झालं तुजं?"

"झालं," मी म्हटलं.

"मंग झालं," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.